भांड्यावरचे नाव आणि डोळ्यातला डाग

लेसर हाही प्रकाशच. पण तो दिव्यासारखा खोलीभर पसरत नाही. एका रंगाचा, एका दिशेने निघालेला हा किरण भिंगातून गेला की केसाहून बारीक जागेत गोळा होतो, आणि तेवढ्या जागेतला धातू वितळून उडून जातो. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवला, तेव्हा तो प्रयोगशाळेतला चमत्कार होता. आज तो बाजारपेठेत टेबलावर येऊन बसला आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला रजतनगरी म्हणतात ते तिथल्या चांदीच्या कामामुळे. भांड्यावर नाव घालणे ही तर मराठी घराची जुनी रीत. पूर्वी कारागीर वाटी मांडीशी धरून ठोसणीवर हातोडीचे हलके ठोके देई आणि टिंबाटिंबाने 'सप्रेम भेट' उमटे. आता चांदीच्या पेठांमधून हे काम लेसरकडे चालले आहे. दागिन्यांवरच्या हॉलमार्कच्या खुणाही लेसरनेच कोरतात. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही तो ऐच्छिक स्वरूपात आला. त्यामुळे हातोडीच्या जागी किरण आणि कारागिराच्या जागी 'ऑपरेटर' हा बदल आता मागे फिरणारा नाही. प्रश्न उरतो तो या यंत्राशेजारी दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा.

या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. एक मत हाताच्या अनुभवाचे, दुसरे पुस्तकाचे आणि मोजमापाचे. चांदीकामात आयुष्य गेलेला एक काका आणि तंत्रनिकेतनात भौतिकशास्त्र शिकवणारी त्याची पुतणी यांच्या बोलण्यातून ती इथे मांडली आहेत. दोघेही कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे.

काका : अवं माय, तीस वर्षं झाली मले फुंकणीपुढी बसून. मूस पाह्यली, डाख लावला, तेजाबात हात घातले. चटका बसला का हात आपोआप मांगं येते. या मशिनीचं काय एवढं? वीस वॉटची त हाय. देवघरातला बल्ब तिच्याहून मोठा.

पुतणी : काका, बल्बचा उजेड चहूकडे वाटला जातो. डोळ्याच्या वाट्याला त्यातला कणभर येतो. लेसरचा सगळा उजेड एकाच वाटेने जातो. आणि तुमचं यंत्र सलग जळत नाही, ते ठोके मारतं. तुमच्या ठोसणीसारखेच, फक्त सेकंदाला वीस हजार.

ठोक्यांचा हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. नाव घालायची यंत्रे बहुधा फायबर लेसरची असतात, २० ते ५० वॉटची. २० वॉटची शक्ती सेकंदाला २०,००० ठोक्यांत वाटली, तर एका ठोक्यात एक मिलिज्यूल ऊर्जा येते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हा ठोका सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात संपतो, म्हणून तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती १०,००० वॉटच्या घरात जाते. चांदीवर अक्षर उमटते ते याच जोरावर. अशा एका ठोक्यातली किती ऊर्जा डोळ्याला निभावते, ती मर्यादा एक-दोन मायक्रोज्यूलच्या आसपास आहे. एक मिलिज्यूल म्हणजे हजार मायक्रोज्यूल. ठोक्याचा शंभरावा हिस्सा वाट चुकून डोळ्यात शिरला तरी मर्यादा ओलांडलेलीच असते.

डोळा इतका नाजूक का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. डोळ्याचे भिंग बाहेरून येणारा प्रकाश मागच्या पडद्यावर एका बिंदूत गोळा करते. याच गुणामुळे माणूस सुईत दोरा ओवतो. पण लेसरची समांतर किरणे आत शिरली की बाहुलीपाशी असलेली त्यांची तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटीने वाढते. ४०० ते १४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना डोळा अशी आतपर्यंत वाट देतो. त्यातल्या ७०० च्या पुढच्या मात्र माणसाला जवळजवळ दिसत नाहीत. नाव घालणाऱ्या यंत्राचा किरण १०६४ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे डोळ्यात शिरणारा, पण न दिसणारा.

काका : दिसत नाई कसा? लाल चौकट दिसते की. नाव कुठं येईन ते तीच त दाखवते.

पुतणी : ती लाल चौकट म्हणजे वाट दाखवणारा वेगळा, मिणमिणता लेसर. खरा किरण त्याच वाटेने जातो, पण अंधारासारखा. लाल टिंब विझलं म्हणून किरण थांबला असं नाही, आणि लाल टिंबाने डोळ्याला काही झालं नाही म्हणून खरा किरणही तसाच, असंही नाही.

अनुभवी माणसाचा घात नेमका इथे होतो. भगभगीत उजेड डोळ्यावर आला की पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या किरणापुढे ती मिटतच नाही. चटका बसला की हात मागे येतो. पण डोळ्याच्या पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. पडदा जळतो तेव्हा दुखत नाही. कधी एखादी लखकन चमक दिसते, कधी डोळ्यात बारीक 'टक' झाल्यासारखे वाटते, आणि मग पाहावे तिथे मधोमध एक काळा डाग. पाहण्याचे बारीक काम करणारा पीतबिंदू जळला तर वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे, नक्षी पाहणे या साऱ्यावर तो डाग येतो. पडद्याच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

हाताचा अनुभव खोटा नसतो. पण तो दुखण्यावर उभा असतो, आणि जिथे दुखतच नाही तिथे तो काही शिकवू शकत नाही. पेठेला हे नवे नाही. सोन्याला केडीएमचा डाख लावायचे दिवस अनेक कारागिरांना आठवतात. त्या डाखात कॅडमियम असे. तो सहज वितळे, जोड सुबक येई, आणि वितळताना उठणारा धूर फुप्फुसात जाऊन बसे. त्या धुराचाही चटका बसत नव्हता.

काका : केडीएमचं खरं हाय. पण त्याचा धूर त दिसे. याचं पाह्य, यंत्र खाली तोंड करून किरण सोडते. मी बाजूले बसतो. माह्या डोयात तो येईन काऊन?

पुतणी : कारण खाली चांदी आहे.

चांदी हा आरशाचा धातू. १०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशातले शंभरापैकी पंचाण्णवहून अधिक भाग उजळलेली चांदी परत फेकते. म्हणूनच तिच्यावर कोरायला जोर जास्त लावावा लागतो, आणि परत फिरणारा किरणही तेवढाच जोरकस असतो. सपाट पाट नीट आडवा ठेवला असेल तर किरण बहुतांशी आल्या वाटेने वर भिंगाकडे जातो. पण पेठेतल्या वस्तू सपाट कुठे असतात? निरांजनाच्या कडेवर, फुलपात्राच्या पोटावर किरण तिरपा पडतो आणि तिरपाच उडतो, शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे. पोटाचा बाहेरचा उंचवटा किरण निदान पांगवतो. वाटीची आतली बाजू तेवढीही दया दाखवत नाही. आतून उजळलेली वाटी म्हणजे अंतर्गोल आरसा; ती किरण पुन्हा गोळा करून हवेतच एखाद्या बिंदूत आणते आणि तिथून पुढे सोडते. वाटीच्या तळाशी नाव घालताना 'उमटलं का' म्हणून वाकून पाहण्याची सवय सर्वांत वाईट ती यासाठी. हातातली अंगठी, कडे, घड्याळाचा पट्टाही हेच करतो. यंत्राच्या टेबलावर मान घालण्याआधी हे दागिने उतरवून ठेवावेत आणि आजूबाजूला पॉलिश केलेला माल मांडून ठेवू नये.

यंत्र किती धोक्याचे, हे त्याच्यावरच लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५ प्रमाणे लेसरचे वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले यंत्र नेहमीच्या वापरात निर्धोक. दुसऱ्यात १ मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा किरण, ज्याच्यापासून पापणी वाचवू शकते. मग ३आर आणि ३बी. ५०० मिलिवॉटच्या वर गेले की चौथा वर्ग, ज्यात थेट किरणच नव्हे तर कधी खडबडीत पृष्ठावरून पांगलेला उजेडही डोळ्याला घातक ठरतो, कातडी भाजते, कागद पेटतो. नाव घालणाऱ्या यंत्राचा किरण चौथ्या वर्गातला. तेच यंत्र पूर्ण बंद पेटीत असेल आणि दार उघडताच किरण थांबत असेल, तर ते पहिल्या वर्गात गणले जाते. म्हणजे दोन वर्गांमधले सारे अंतर त्या दाराचे आहे.

काका : आता मी सांगतो ते ऐक. दीड हाताची समई पेटीत मावत नाई. दार लावाचं कसं? मंग पोरगं दाराच्या स्विचले चिकटपट्टी लावते अन् काम करते. गिऱ्हाईक उभं राह्यते समोर, लग्न असते उद्या. अन् तुह्या गॉगलातून चांदीचा रंग कयत नाई, अक्षर बसलं का उडालं तेही नाई.

पुतणी : काका, यातलं निम्मं तुमचं बरोबर आहे. गॉगल ही पहिली राखण नव्हेच. ती शेवटची.

हे काकाचे म्हणणे वरवर हट्टी वाटले तरी वजनदार आहे. ज्या सुरक्षेमुळे काम अडते, ती चार दिवसांत खुंटीला टांगली जाते. म्हणून पेटी मालाच्या मापाने घ्यावी. समया कोरणाऱ्याने समई मावेल अशी. यंत्राबरोबर आलेली पेटी लहान असेल तर पत्र्याची मोठी करून घ्यावी, आतून काळा चकाकी नसलेला रंग द्यावा. पाहण्याची खिडकी साध्या काचेची किंवा ॲक्रिलिकची चालत नाही, कारण १०६४ चा किरण त्यांच्यातून आरपार जातो. त्या लहरीसाठी बनवलेले आणि तसे छापलेले पारदर्शक तावच लावावे लागतात. अक्षर नीट बसले की नाही ते पाहायला पेटीच्या आत एक स्वस्त कॅमेरा आणि बाहेर पडदा हा उत्तम तोडगा आहे. एखाद्या वेळी किरणाने कॅमेरा गेला, तर तो हजार-दोन हजारांत नवा येतो. दाराच्या स्विचला चिकटपट्टी लावणे मात्र कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. भिंग पुसायला, दुरुस्ती करायला किंवा किरणाची रेषा जुळवायला झाकण काढलेले असते तेव्हाच जगभर सर्वाधिक अपघात होतात.

पेटीविना काम करावेच लागले, तर ते दुकानाच्या गल्ल्याशेजारी नको. वेगळी खोली, दारावर दिवा, आत फक्त चालवणारा, आणि आत असेल त्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर योग्य गॉगल. 'योग्य' हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. यंत्राच्या खोक्यात फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर पुष्कळदा काहीच छापलेले नसते. गॉगलवर लहरीची लांबी आणि ओडी हा अंक असायला हवा. ओडी ६ म्हणजे दहा लाखांतला एक भाग पलीकडे जातो. ओडी ३ म्हणजे हजारातला एक. इथे अंक निम्मा झाला, पण संरक्षण हजार पटीने उतरले. आणि १०६४ चा गॉगल दुसऱ्या लहरीला नुसता रंगीत प्लास्टिकचा तुकडा आहे. ज्याच्यावर काही छापलेलेच नाही असा चष्मा घालून माणूस निर्धास्त वाकतो. त्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी दूर राहणारा अधिक सुरक्षित.

लहर बदलली की सगळी व्यवस्था बदलते, याचे चांगले उदाहरण कार्बन डायऑक्साइड लेसरचे. लग्नपत्रिका, ट्रॉफ्या, लाकडी पाट्या कापणारी यंत्रे बहुधा याच जातीची. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचे. याचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा. तो डोळ्याच्या आत पोहोचत नाही. अश्रूंतले पाणीच त्याला शोषून घेते आणि बाहेरचा पारदर्शक पडदा भाजतो. ही इजा दुखते, लगेच कळते. साधे ॲक्रिलिकचे झाकण या किरणाला अडवते. तेच झाकण काढून फायबर लेसरवर बसवणारा मात्र किरणासमोर उघडी खिडकी बसवत असतो.

काका : मंग ते वेल्डिंगचं काय? आता त हातात धरून लेसर वेल्डिंग करतात. वेल्डिंगवाल्याचा काळा काच त असतेच तोंडापुढी.

पुतणी : ती काच ठिणगीच्या उजेडासाठी आहे. लेसरच्या किरणासाठी तिची पारख झालेली नसते.

हातात धरायच्या लेसर वेल्डिंगचा किरण १,००० ते २,००० वॉटचा असतो, म्हणजे नाव घालणाऱ्या २० वॉटच्या यंत्राच्या पन्नास-शंभर पट, आणि तोही न दिसणारा. औद्योगिक वसाहतीतल्या उघड्या शेडमध्ये, चकचकीत स्टीलच्या पत्र्यावर, चार माणसे ये-जा करत असताना हे काम चालणे ही आज खरोखर काळजीची गोष्ट आहे. या यंत्राला एक चिमटा असतो. तो पत्र्याला लावला आणि बंदुकीचे टोक पत्र्याला टेकले तरच किरण सुटतो. चिमटा थेट बंदुकीलाच अडकवला की ही राखण संपते, आणि मग बंदूक हवेतही चालते. आडोशाला लोखंडी पत्र्याचा किंवा लेसरसाठीच बनवलेला पडदा लागतो, ताडपत्री पेटते.

डोळ्यापलीकडचे धोके जुन्याच जातीचे आहेत. लेसरच्या कामात जीव गेले ते मुख्यतः विजेने. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या नळीला वीसेक हजार व्होल्ट लागतात आणि बटण बंद केल्यावरही त्यातला विजेचा साठा काही काळ टिकतो. ट्रॉफी कापायला लावून चहाला गेलेल्या माणसामागे ॲक्रिलिक पेटते. रेक्झिन, फ्लेक्स, व्हिनाइल यांत पीव्हीसी असते. त्यांवर लेसर चालवला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ उठते, ती छातीला जाळते आणि यंत्रही गंजवते. हे कापूच नये. धातूच्या बारीक धुळीसाठी शोषणारा पंखा तोंडाजवळ नव्हे, कामाजवळ हवा.

काका : एवढं सारं पेठेतल्या लोकांनी करावं, अन् मिरवणुकीत डीजेवाले हजारो लोकाईच्या तोंडावर लेसर मारतात त्याचं काय? कोर्टानंही त पुरावा मांगला होता.

ही गोष्ट खरी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे मिरवणुकांतला डीजे आणि लेसर यांच्या बंदीची मागणी आली, तेव्हा खंडपीठाने अपायाचा शास्त्रीय आधार विचारला होता. पुतणीचे उत्तर असे, की लेसर दिसला म्हणजे इजा झालीच असे नाही. अंतर, शक्ती आणि किरण किती वेळ एका जागी थांबला यावर सारे ठरते. म्हणून मोजमाप मागणे गैर नाही. पण मोजायची पद्धत आधीपासून ठरलेली आहे. प्रेक्षक उभे राहतात तिथून किमान ३ मीटर उंचीच्या खाली जोरकस किरण येऊ द्यायचा नाही, हा जगभरच्या कार्यक्रमांतला सर्वसाधारण नियम आहे. मिरवणुकीतला किरण हलत्या ट्रॉलीवरून, खड्ड्यांत हिंदकळत, माणसांच्या डोक्यांच्या पातळीत येतो. किरण नाचवणारा इवलासा आरसा अडकला तर तो एकाच चेहऱ्यावर थांबतो. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकमध्ये पडद्याला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले होते. मिरवणुकीचे चित्रीकरण करताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कायमच्या रेघा उमटल्याचे अनेकांनी पाहिले आहे. कॅमेऱ्यात आणि डोळ्यात भिंगाचे काम एकच आहे.

काका : अन् झालंच काही त?

झालेच, तर डोळा चोळू नये, पाण्याचे हबके मारून काही होत नाही, आणि 'पुन्हा दिसते का' म्हणून किरणाकडे पाहणे तर नकोच. यंत्र बंद करून किल्ली काढावी. संशय असल्यास गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान हातभर अंतरावर धरावे, मध्ये एक टिंब काढावे, आणि एकेक डोळा झाकून त्या टिंबाकडे पाहावे. रेषा वाकलेल्या दिसल्या, एखादी चौकट गायब झाली किंवा मधोमध धुरकट दिसले, तर त्याच दिवशी पडद्याचे तज्ज्ञ गाठावेत. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्याचे थर दिसतात आणि इजा कुठवर गेली ते कळते. लेसरवर रोज बसणाऱ्याने काम सुरू करण्याआधीच एकदा डोळे तपासून कागद जपून ठेवला, तर पुढे जुने काय आणि नवे काय हे वेगळे काढता येते.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो किरण कोणता होता हा. यंत्राच्या मागच्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर लहरीची लांबी, शक्ती आणि वर्ग छापलेला असतो. काकाने त्या दिवशी यंत्र भिंतीपासून ओढले, धूळ पुसली आणि त्या पट्टीचा फोटो दुकानातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवला.